अर्धा पाइप

ज्याचे बालपण निपाणीत गेले त्याला तंबाखूचा वास असा निराळा जाणवत नाही. हंगामात माल येऊ लागला की तो वास रस्त्यांत, शाळेच्या वर्गांत, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत आणि मंदिराच्या पायरीवर सारखाच भरून राहतो. बाहेरगावचा पाहुणा एसटीतून उतरताच शिंकू लागतो आणि गावची पोरे त्याला हसतात. अशाच एका घरातला, तंबाखूच्या अडत्याचा थोरला मुलगा, वाणिज्य शाखेची पदवी घेऊन १९७४ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत परिविक्षाधीन अधिकारी म्हणून लागला. त्याच्या घरी तीन पिढ्या तंबाखूचा व्यापार होता. आणि त्या तीन पिढ्यांत कोणी विडी ओढली नव्हती, कोणी तपकीर ओढली नव्हती, की पानात चिमूटभर जर्दा टाकला नव्हता. या गोष्टीचा घरात कोणी अभिमान मिरवीत नसे, आणि तिच्यावर कोणी विचारही करीत नसे. हलवायाच्या पोराला पेढ्याची हौस नसते, असे कोणी म्हणेल. पण येथे मामला तेवढा सरळ नव्हता.

त्याची पहिली नेमणूक सांगलीस झाली. तंबाखूच्या गावातून तो हळदीच्या पेठेत आला. हरिपूरच्या बाजूला जमिनीखालच्या पेवांत साठवलेल्या हळदीवर कर्ज कसे द्यावे, डोळ्यांना न दिसणारा माल तारण म्हणून वहीत कसा लिहावा, हे तो शिकू लागला. शिकवणारे शाखाधिकारी मूळचे मुंबईचे, वाचनाची आवड असणारे, इंग्रजी मसुद्यात स्वल्पविराम चुकला तरी कागद परत पाठवणारे. त्यांच्या टेबलावर काचेखाली व्याजदरांचा तक्ता आणि काचेवर एक काळसर तपकिरी पाइप असे.

त्या पाइपचा खरा उपयोग तरुणाच्या पहिल्या आठवड्यातच ध्यानात आला. कर्ज मागणारा आपली अडचण सांगत असता साहेब पाइप उलटा करून राख झाडीत, तारेच्या काडीने दांडी साफ करीत, सावकाश तंबाखू भरीत, दोन काड्या विझवून तिसरी लावीत, आणि मग पहिला धूर सोडून म्हणत, "पाहू या." तोपर्यंत समोरचा मनुष्य स्वतःच आपली मागणी निम्म्यावर आणून ठेवी. ब्रिटनचे त्या वेळचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन हेही अडचणीच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी पाइपशी चाळा करून वेळ मिळवीत, अशी त्यांची ख्याती होती. 'नाही' म्हणण्यापूर्वी जो अवधी लागतो तो सभ्यपणे मिळवून देणारे यंत्र म्हणून पाइप नि:संशय उत्तम आहे. तेवीस वर्षांच्या, आवाज अजून पुरता न बसलेल्या अधिकाऱ्याला ते यंत्र हवेसे वाटले यात नवल नाही. त्यातून हिंदी चित्रपटांतले श्रीमंत बाप रेशमी झग्यात, जिन्यावर उभे राहून, पाइप हातात धरूनच मुलाला घराबाहेर काढीत असत. विडी गड्याची, सिगारेट कॉलेजातल्या उडाणटप्पूची. पाइप मात्र विचारी माणसाचा, अशी त्याने मनात प्रतवारी लावून टाकली होती. प्रतवारी लावण्याची सवय घरचीच.

प्रशिक्षणासाठी मुंबईस गेला असता फोर्टातल्या एका लहानशा दुकानातून त्याने ८५ रुपयांना पाइप आणि २२ रुपयांना हॉलंडच्या तंबाखूची ५० ग्रॅमची थैली घेतली. दुकानदाराने वस्तूची माहिती मोठ्या प्रेमाने दिली. पाइपचे लाकूड ब्रायरचे; भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी जी टणक गाठ धरते ती खणून, उकळून, बरेच दिवस सुकवून त्यातून पाइप कोरतात. ते लाकूड आगीला सहजी दाद देत नाही. दांडी व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. नव्या पाइपच्या आत काजळीचा पातळ थर बसेपर्यंत तो अर्धाच भरावा, असेही दुकानदाराने बजावले. तरुणाने मान डोलावली. परंतु त्याचे लक्ष त्या वेळी दुकानातल्या आरशाकडे होते.

आषाढातल्या एका शनिवारी साहेबांनी त्याला घरी जेवायला बोलावले. बँक अर्ध्या दिवसाची. अकरा वाजता खानावळीत जेवून तो कामावर गेला होता. दुपारी चारला एक कप चहा घेतला, तेवढाच. साहेबांकडे पोहोचेपर्यंत दिवे लागले होते. घरची रीत अशी की सूर्य मावळल्यावर ताट नाही. ती रीत त्याने सांगलीच्या खोलीवरही पाळली होती. पाने मांडलेली पाहून त्याने संकोचाने सांगितले की तो जेवूनच आला आहे. वहिनींनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हे खोटे आहे हे ओळखून आग्रह सोडून दिला. जेवणे आटोपल्यावर साहेब व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसले. बाहेर पाऊस लागला होता. साहेबांनी पाइप काढला, तेव्हा पाहुण्यानेही खिशातून आपला नवा कोरा पाइप काढला. सुपारीच्या डब्या आत नेता नेता वहिनी थबकल्या.

"रात्री जेवत नाही, पण धूर चालतो वाटतं?"

प्रश्न हसत विचारलेला होता. त्याला उत्तर सुचले नाही, आणि पुढेही कधी सुचले नाही.

साहेब मात्र प्रसन्न झाले. त्यांनी नवा पाइप हातात घेऊन दिव्यापाशी धरला, लाकडाच्या रेषा पाहिल्या, आणि त्यांना इतिहासाची आठवण झाली. तंबाखू आग्र्याला आपण दक्षिणेने दिली, असे ते म्हणाले. १६०४ च्या सुमारास असद बेग नावाचा अकबराचा सरदार शाहजादा दानियालच्या विवाहाच्या कामी विजापूरला गेला होता. तेथे त्याला तंबाखू प्रथमच पाहावयास मिळाली. परतताना त्याने तिचा साठा आणि रत्नांनी मढवलेली नळी बादशहासाठी नेली. अकबराने कुतूहलाने नळी तोंडाला लावून दोन-तीन झुरके घेतले. तोच राजवैद्य पुढे सरसावला आणि त्याने आणखी ओढू दिले नाही. हे द्रव्य आमच्या ग्रंथांत नाही, याचे गुणदोष कोणाला ठाऊक नाहीत, असे त्याचे म्हणणे. असद बेगाने वैद्याशी वादही घातला. नवी गोष्ट ग्रंथात नाही म्हणून टाकून द्यावी काय, असा त्याचा मुद्दा होता. उमरावांना ती गोष्ट आवडली, आणि व्यापाऱ्यांनी लगोलग ती बाजारात आणली. बादशहाने मात्र स्वतःला ती सवय लावून घेतली नाही. पुढे १६१७ साली जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. ती कितपत पाळली गेली हे निपाणीत जन्मलेल्यास सांगावयास नको.

"तेव्हा तुम्ही विजापूरच्या बाजूचे," साहेब म्हणाले, "बादशहापेक्षा दोन झुरके तरी जास्त घ्याल!"

पाइप भरण्याची एक जुनी रीत आहे. पहिला थर बालकाच्या हाताने भरावा, दुसरा स्त्रीच्या आणि तिसरा पुरुषाच्या. म्हणजे तळाशी सैल, मध्ये बेताचा, वर घट्ट. तरुणाने तिन्ही थर पोत्यात माल ठासणाऱ्या हमालाच्या हाताने भरले, आणि तेही काठोकाठ. पहिल्या काडीने वरचा थर फुलला आणि विझला. दुसऱ्या काडीनेही तेच झाले. तिसऱ्या काडीला त्याने गाल आत ओढून जोराने श्वास घेतला, आणि धूर सरळ छातीत उतरला. तो खोकला, साहेब हसले, त्यानेही डोळे पुशीत हसल्यासारखे केले. थैलीतून येणारा मनुकांचा आणि मधाचा गोड वास धुरात कोठेच नव्हता. नव्या लाकडाची कडवट चव तेवढी होती. पाइप विझू नये म्हणून तो भराभर ओढू लागला. जितका भराभर ओढावा तितका धूर गरम होई, आणि जिभेच्या शेंड्यावर उकळत्या चहाने पोळावे तशी आग होऊ लागली. दांडीत पाणी साचून गुडगुड वाजू लागले. एकदा ते तपकिरी, जहाल पाणी त्याच्या तोंडात आले. थुंकायला जागा नव्हती. समोर साहेब होते, आणि बोलणे नव्या व्याजदरांवर आले होते. त्याने ते गिळले.

बहुधा अर्धा पाइप झाला असेल. प्रथम तोंडाला पाणी सुटू लागले, जेवणापूर्वी सुटते तसे नव्हे, तर जिभेखालून झरा फुटावा तसे. मग कानांत दूरवर गिरणी चालू असल्यासारखा आवाज भरला. तळहात ओले आणि गार झाले. पाऊस पडत असलेल्या थंड व्हरांड्यात त्याच्या मानेवरून घाम ओघळू लागला. साहेबांचे ओठ हलत होते. बॅंक रेट, असा एक शब्द ऐकू आला. तो कोठून आला हे कळले नाही. समोरच्या खांबावरची वेल हळूहळू एका बाजूस कलू लागली, आणि ती कलते आहे की आपण, याचा निर्णय होईना. 'जरा' एवढाच शब्द उच्चारून तो उठला, पायरीवर अडखळला, आणि भर पावसात परसातल्या अळूच्या वाफ्यापाशी गुडघे टेकून बसला. पोटात काही नव्हतेच. तरीही पोट पुन्हा पुन्हा पिळवटत राहिले. त्या घटकेला त्याला नोकरी, बढती, साहेबांचे मत यांपैकी कशाचेच काही वाटत नव्हते. जमीन स्थिर व्हावी, एवढेच वाटत होते.

वहिनी छत्री घेऊन आल्या. हातात लिंबाचे पाणी होते, साखर आणि मीठ घातलेले. त्या काही बोलल्या नाहीत. त्याने पेला घेतला आणि पिऊन टाकला. पिऊन झाल्यावर त्याच्या लक्षात आले, की सूर्य मावळून तीन तास होऊन गेले आहेत. त्या रात्रीची आठवण पुढे जेव्हा जेव्हा निघाली, तेव्हा पाइपची फजिती तो हसत सांगे. त्या पेल्याची गोष्ट मात्र बरीच वर्षे सांगत नसे.

असे का झाले हे पुढे त्याने एका डॉक्टर मित्राकडून समजून घेतले. पाइपमध्ये मावणारी तंबाखू एका सिगारेटीपेक्षा पुष्कळ अधिक असते. पाइपचा धूर अधिक क्षारधर्मी असल्याने त्यातले निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. धूर छातीत घेण्याची गरजच नसते, आणि याने तर तोही घेतला होता. वर दांडीतले पाणी गिळलेले, आणि पोट रिकामे. निकोटीन मेंदूतल्या ओकारीच्या केंद्राला चेतवते. नेहमी ओढणाऱ्याचे शरीर त्याला सरावते, म्हणून त्याला हे होत नाही. शरीर पहिल्या दिवशी जी हरकत घेते ती काही दिवसांनी मागे घेते.

पंधरा दिवसांनी तो निपाणीस गेला. पाइप आणि थैली त्याने पिशवीच्या तळाशी ठेवली होती. फेकून द्यावी असे मनात येऊनही १०७ रुपयांची वस्तू फेकवली नव्हती. आईने धुण्यासाठी कपडे काढले तेव्हा ती हाती लागली. आई काही बोलली नाही. तिने दोन्ही वस्तू वखारीत अप्पांच्या गादीवर नेऊन ठेवल्या. दुपारी बोलावणे आले.

अप्पांच्या समोर अबकारीची नोंदवही उघडी होती. १९७९ साली कच्च्या तंबाखूवरचा कर उठेपर्यंत पोत्यापोत्याचा हिशोब सरकारला द्यावा लागे. त्यांनी वही मिटली, थैली उघडली आणि चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतली. अंगठ्याने चोळली. नाकाशी नेली. उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली. मुलगा रागावण्याची वाट पाहत उभा होता. आणि अप्पा हंगामात रोज पन्नास वेळा करीत तेच करीत होते.

"आपल्याकडची नव्हे," ते म्हणाले. "आंध्रात होते त्या जातीची आहे, भट्टीत वाळवलेली. आपली उन्हात वाळते. आणि हिला काहीतरी पाक लावलाय. केवढ्याला?"

"बावीस. पन्नास ग्रॅम."

अप्पांची बोटे पेरांवरून फिरली. किलोला ४४० रुपये. त्यांच्या वखारीत जो माल येई त्याच्या किलोला शेतकऱ्याच्या हातात काय पडते, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणून तो आकडा कोणी उच्चारला नाही.

"किती ओढलीस?"

"अर्धा पाइप."

"मग?"

मुलाने सारे सांगितले. अळूचा वाफा, घाम, फिरणारा खांब. अप्पा हसले नाहीत. त्यांनी वखारीच्या आतल्या दाराकडे पाहिले. तेथे चाळणीवर बायका बसल्या होत्या. नाकातोंडाला पदर घट्ट बांधलेला, केसांवर, पापण्यांवर, कोपरापर्यंत तपकिरी भुकटी. जर्दा एका बाजूला, देठ एका बाजूला, आणि धूळ सगळीकडे. भिंती चहूबाजूंनी बंद. वाऱ्याने माल उडू नये म्हणून.

"मी बारा वर्षांचा होतो," अप्पा म्हणाले. "वैशाखात पोत्यांवर झोपलो आणि उठून ओकलो. अगदी असंच. घाम आणि गिरणी. तुझ्या आजोबांनी बाहेर चिंचेखाली निजवलं, ताक दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वखारीत पाठवलं. आठ दिवसांनी काही वाटेनासं झालं."

मग थोड्या वेळाने, "त्या कोपऱ्यातल्या पोरीचा आज चौथा दिवस आहे."

कोपऱ्यातली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असेल. ती भिंतीला डोके टेकून बसली होती, आणि शेजारची म्हातारी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवीत होती. हे दृश्य त्याने लहानपणापासून पाहिले होते. नव्या बाईला पहिले काही दिवस घेरी येते, ओकारी येते, मग ती सरावते. गावात ही गोष्ट पावसाळ्यात छत गळावे इतकी साधी मानली जाई. त्यालाही ती तशीच वाटत आली होती, किंबहुना मुलगी जरा नाजूक असेल असे वाटत आले होते. आता त्याला तिच्या कानांत वाजणारी गिरणी ऐकू आली.

"अप्पा, तुम्ही कधी चव घेऊन पाहिली नाहीत?"

"नाही."

"नियम म्हणून?"

अप्पांनी थैलीची चुणी पुन्हा नीट घातली. "नियम होताच," ते म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने, वही उघडता उघडता, "आणि माहीतही होतं."

यावर मुलाला पुढचा प्रश्न विचारता आला असता. तो प्रश्न त्याच्या शिक्षणाच्या शुल्कापर्यंत, बहिणीच्या लग्नापर्यंत, मंदिराच्या जीर्णोद्धाराला दिलेल्या देणगीपर्यंत जाऊन पोहोचला असता. त्याने तो विचारला नाही, आणि अप्पांनीही तो विचारला जाण्याची वाट पाहिली नाही. कोणत्याही व्यापारी घरात असा एखादा प्रश्न असतोच, जो सर्वांना ठाऊक असतो आणि खतावणीत कोठेही नोंदवलेला नसतो.

माल टाकून देणे अप्पांच्या रक्तात नव्हते. थैलीतली तंबाखू फडक्यात बांधून आईच्या लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेत कसरीसाठी गेली. पाइपचे लाकूड मात्र अप्पांना आवडले. "गाठ नामी आहे," असे म्हणून त्यांनी तो गादीवर पावत्या उडू नयेत म्हणून ठेवून घेतला. अबकारीच्या नव्या इन्स्पेक्टरने एकदा तो पाहून मोठ्या अदबीने खिशातून काड्यापेटी काढली होती, ही गोष्ट घरात पुढे फार दिवस चघळली गेली.

चार वर्षांनी तरुणाची बदली कोल्हापूरच्या कार्यालयात झाली. आजूबाजूच्या वखारींत तारण ठेवलेल्या तंबाखूची तपासणी त्याच्याकडे आली. पोती मोजावीत, अधूनमधून एखाद्या पोत्यात सळई खुपसून आतला माल पाहावा, वजन आणि नोंदवही जुळते का ते पाहावे, आणि अहवाल लिहावा. अहवालाच्या शेवटी 'अभिप्राय' असा रकाना असे. बहुतेक अधिकारी त्यात 'समाधानकारक' एवढाच शब्द लिहीत. तो प्रत्येक वेळी आणखी एक ओळ लिहू लागला: 'वखारीत हवा खेळत नाही, खिडक्या असणे आवश्यक.' वर्षभराने वरच्या कार्यालयाकडून विचारणा आली, की या शेऱ्याचा कर्जाच्या सुरक्षिततेशी संबंध काय. त्याने उत्तर पाठवले, की पावसाळ्यात कोंडलेल्या दमट हवेने मालाला बुरशी धरते आणि तारणाचे मूल्य घटते. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होते. ते मान्य झाले, आणि त्या वर्षी दोन वखारींच्या भिंतींना खिडक्या पडल्या.

अप्पांच्या वखारीवर बँकेचे कर्ज नव्हते, त्यामुळे तिची तपासणी कधी झाली नाही, आणि घरी त्याने तो विषय काढला नाही. १९८० च्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर गेला तेव्हा चाळणीच्या वरच्या अंगाला दोन जाळीच्या खिडक्या निघालेल्या दिसल्या. चुना अजून ओला होता. गवंड्याला कोणी आणि कशासाठी बोलावले, हे त्याने विचारले नाही. अप्पा पाइपखालची पावती ओढून काढीत होते, आणि खिडक्यांतून येणाऱ्या वाऱ्याने बाकीच्या पावत्या फडफडत होत्या.